अठ्ठेचाळीस पानी अपग्रेड

राज्यं शत्रूमुळे बुडत नाहीत, नियोजनाच्या अभावामुळे बुडतात. हे वाक्य दादाने स्वतः रचलं होतं आणि आराखड्याच्या पहिल्या पानावर, मधोमध, ठळक अक्षरांत, चौकट आखून बसवलं होतं. राज्य म्हणजे पाच संगणक. त्यातल्या एकाचं झाकण गेली सहा वर्षं रबरबँडने धरून ठेवलं होतं.

हे संगणक लेबलांच्या ऑफिसात होते. औषधाच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या, रंगाचे डबे यांच्या अंगावर जे चिकटवलेलं असतं आणि जे कोणीही वाचत नाही, ते इथे तयार होई. धंदा वडिलांनी सुरू केलेला. ते गेल्यावर तो तीन भावंडांकडे आला आणि तिघांनीही तो घट्ट धरून ठेवला, मुख्यतः बाकीच्या दोघांना मिळू नये म्हणून. थोरली आक्का ऑर्डरी आणि पत्रव्यवहार बघे. तिचे यजमान, म्हणजे दाजी, मागच्या खोलीत लेबलं कापायच्या मशीनवर बसत. धाकट्याला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही सगळे बारक्याच म्हणत. तो डिझाइन करी. मास्तर वडिलांच्या वेळचे. पूर्वी ते ब्रशने अक्षरं काढत, आता तीच अक्षरं माउसने काढत आणि प्रत्येक अक्षरामागे माउसला एक शिवी घालत. आणि मधला दादा काचेच्या केबिनमध्ये बसे. का बसे, याला उत्तर एकच होतं: संगणकांचं सगळं तो बघायचा.

पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच सगळीकडे विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं होतं. "फुकट आहे, व्हायरस येत नाही आणि कोणाच्या बापाला विचारावं लागत नाही," असं त्याने तेव्हा वडिलांना सांगितलं. तिसरं कारण वडिलांना फारसं आवडलं नव्हतं. तेव्हापासून प्रिंटर रुसला, अक्षरांचे चौकोन झाले, फाइल गायब झाली की दादा केबिनमधून बाहेर येई, समोरच्याला नुसत्या भुवईने खुर्चीतून उठवी, पाच मिनिटं खटाखट करी आणि जाताना विचारी, "कशाला हात लावला होतास?" पंधरा वर्षं हा एकच प्रश्न. त्या ऑफिसात दादाबद्दल जी काही भावना होती, ती या प्रश्नावर पोसलेली होती.

चौदा महिन्यांपूर्वी लिनक्सचं नवं व्हर्जन आलं आणि जुन्याला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत असं जाहीर झालं. पाचही संगणक नव्यावर न्यायला हवे होते. दुसरा कोणी असता तर एका रविवारी येऊन करून मोकळा झाला असता. दादाने आराखडा घेतला. तो अठ्ठेचाळीस पानांचा झाला. त्यात धोके होते, धोक्यांचे प्रकार होते, संगणकांचा क्रम होता. क्रमात पहिला नंबर दाजींच्या संगणकाचा होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक.'

"तांत्रिक म्हणजे काय?" दाजींनी पहिल्या बैठकीत विचारलं होतं.

"म्हणजे काही बिघडलं तर ते आधी तिथे बिघडावं."

"आणि तुमचा संगणक शेवटी."

"यजमान शेवटच्या पंगतीला बसतो, दाजी."

"यजमान निदान वाढतो तरी," दाजी म्हणाले.

अशा सात बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत मास्तर म्हणाले, की नव्या व्हर्जनमध्ये त्यांच्या जुन्या फाइलींमधलं एक जरी वेलांटीचं टोक हललं तरी ते घरी जाऊन बसतील. यावर बारक्या म्हणाला, "मग आजच करू." पाचव्या बैठकीनंतर मास्तर आणि बारक्या एकमेकांशी बोलेनासे झाले. दाजी आणि आक्का ऑफिसात आधीपासूनच चिठ्ठ्यांवर बोलत. घरी बोलत असत की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. दादाने हे सगळं 'मनुष्यबळाशी संबंधित जोखमी' या सदराखाली नोंदवून ठेवलं.

दर महिन्याला तो एक पत्रक वाटी. त्यात प्रत्येकाने आपल्या संगणकाची स्थिती भरून द्यायची. लोकांना त्रास नको म्हणून 'सध्याचं व्हर्जन' या रकान्यात जुन्या व्हर्जनचा आकडा त्याने आधीच छापून टाकला होता. खाली 'काही अडचण?' असं विचारलेलं असे. चौदा महिने चारही जणांनी तिथे 'नाही' लिहिलं. या काळात प्रिंटर एकदाही रुसला नाही, कोणी दादाला बोलावलं नाही, भुवई नुसती पडून राहिली. दादाने याचा अर्थ असा काढला, की नियोजन सुरू झाल्याबरोबरच परिस्थिती सुधारते. तसं त्याने बाराव्या पानावर लिहिलंही.

सातव्या बैठकीत दाजींनी खिशातून कागद काढला. बैठकीत दाजी कधी कागद काढत नसत, त्यामुळे सगळे सावरून बसले.

"ठराव मांडतो," दाजी म्हणाले. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी सहाच्या आत, पाचही संगणकांवर नवं व्हर्जन दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर सोमवारपासून संगणकांचं काम बाहेरच्या कंपनीकडे. मी त्यांचा पत्ता काढलाय, पत्र लिहायला सांगितलंय. आणि कटिंगचं मशीन केबिनमध्ये येईल. मागच्या खोलीत हवा नाही."

"मशीनला हवा कशाला लागते?" दादाने विचारलं.

"मला लागते."

"आणि मी कुठे बसू?"

"प्रूफं तपासायला माणूस पाहिजेच आहे. लांब टेबलाशी, मास्तरांच्या डाव्या हाताला. उजव्या हाताने ते माउस आपटतात."

हात वर झाले. आक्काचा झाला, बारक्याचा झाला. मास्तरांना मत नव्हतं, तरी त्यांनीही हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

दादाने त्या दिवशी केबिनचं दार आतून लावून घेतलं. बावन्नाव्या वर्षी लांब टेबलाशी बसायचं, जॅमच्या लेबलावर 'साखर' नीट लिहिलंय का ते बघायचं, आणि समोरून येणारा जाणारा दाजींना केबिनमध्ये हवा खाताना बघणार. त्याने आराखडा उघडला आणि प्रत्येक संगणकाला लागणारा वेळ पाच तासांवरून सहा केला. सावधगिरी म्हणून.

ठरलेल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता तो हातात अठ्ठेचाळीस पानं घेऊन हॉलमध्ये उभा राहिला. नवव्या पानानुसार त्याने सगळ्यांना काम थांबवून कीबोर्डवरचे हात काढायला सांगितलं.

"मग ठेवायचे कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"कुठेही ठेवा, मास्तर."

"तसं लिहा ना मग. एवढी पानं लिहिलीत."

दादा मागच्या खोलीत गेला. मागोमाग सगळे गेले. कोणाचं तरी काहीतरी बिघडणार असलं की ते सगळे एकत्र येत. दाजी उठले नाहीत. त्यांनी खुर्ची वीतभर सरकवली, आणि दादाला वाकून, एका पायावर, दाजींच्या खांद्यावरून टाइप करावं लागलं. आराखड्याप्रमाणे पहिली पायरी म्हणजे सध्याचं व्हर्जन तपासून त्याची नोंद करणं. दादाने पडद्यावर व्हर्जनची खिडकी उघडली, आकडा वाचला, पेन काढलं आणि पुन्हा वाचला.

नवं व्हर्जन होतं.

"हे कोणी केलं?"

"काय?"

"यावर नवं व्हर्जन आहे."

"असेल," दाजी म्हणाले. "रोज सकाळी एक चौकट यायची. नवं व्हर्जन आलंय, घेऊ का. एक दिवस कंटाळून हो म्हटलं."

"कधी?"

"झाले आठ महिने."

"आणि पासवर्ड?"

दाजींनी बारक्याकडे पाहिलं, बारक्याने आक्काकडे. शेवटी बारक्याच बोलला. "दादा, तू पासवर्ड टाइप करताना अक्षरं मोठ्याने म्हणतोस. पंधरा वर्षं. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यांनाही पाठ आहे."

मास्तरांनी मान डोलावली. "शेवटी तुमचं जन्मसाल," ते म्हणाले.

दादाचे कान तापले. पण अपमानाच्या खाली त्याला एक गोष्ट टोचत होती, ती त्याने आधी विचारली. "झालेलं होतं, तर ठराव कशाला मांडलात?"

"माझं झालंय हे कळलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, एक तर झाला. मला शून्य हवं होतं. शिवाय तुमच्या हिशेबाने दर संगणकाला तेव्हा पाच तास, आता सहा. पाचाचे चार राहिले असते तरी सहाच्या आत होत नव्हते. मी वाचलाय तुमचा आराखडा. तेवढा मी एकट्यानेच वाचला असेल."

"मग उरलेले चार करायला लाग," आक्का म्हणाली, आणि इतक्या सहज म्हणाली की दादाला शंका आली. तो तडक तिच्या टेबलाशी गेला. आक्का मागून "अरे, माझं राहू दे आत्ता, मेल उघडीय" म्हणत राहिली. त्याने खिडकी उघडली. नवं व्हर्जन.

"तुझं कधी?"

"अकरा महिने. फोनवर बोलत होते. बोलणं संपायच्या आत झालं."

"पडद्याच्या पार्श्वभूमीला जुनं चित्र कसं?"

"परत लावलं. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"आक्का."

"बरं, खरं सांगते. आराखडा चालू होता तोवर तू केबिनच्या बाहेर येत नव्हतास. लेबलाच्या रंगात नाक खुपसत नव्हतास. चौदा महिने या ऑफिसात कोणी मला 'कशाला हात लावला होतास' विचारलं नाही. मी कशाला सांगू?"

बारक्याचा झालेला होता. त्याने केला नव्हता, झाला होता, असं त्याचं म्हणणं पडलं. मास्तरांचाही झालेला होता आणि एकही वेलांटी हलली नव्हती. ही गोष्ट मास्तरांनी चौथ्या बैठकीच्या आधीच तपासून पाहिली होती. मग त्या बैठकीत एवढा गोंधळ का घातलात, असं बारक्याने विचारलं. पाचव्या बैठकीनंतर तो त्यांच्याशी प्रथमच बोलत होता.

"तू 'आजच करू' म्हणालास म्हणून," मास्तर म्हणाले.

"ते तुम्ही 'घरी बसेन' म्हणालात त्यानंतर म्हणालो."

"मग बसायला लावायचं होतंस."

पुढे जे झालं त्याला आराखड्यात जागा नव्हती. बारक्याने आक्काला विचारलं, की अकरा महिन्यांपूर्वी तुझं झालं होतं तर माझ्या रविवारच्या दोन सुट्ट्या त्या पत्रकांपायी का गेल्या. आक्काने विचारलं, की तू रविवारी ऑफिसात येऊन काय करत होतास ते आधी सांग. दाजींनी एक चिठ्ठी लिहून आक्काला दिली. ती तिने वाचून फाडली आणि त्यांच्याच टेबलावर ठेवली. मास्तरांनी वडिलांचा विषय काढला. वडील असते तर, अशी सुरुवात करून त्यांनी पाच वेगवेगळे शेवट केले आणि प्रत्येकात दादा कुठेतरी बाहेर काढला जात होता.

दादा मधोमध उभा होता. त्याला लुटल्यासारखं वाटत होतं. चोराने तिजोरी नेली नव्हती, चौदा महिने रिकाम्या तिजोरीसमोर पहारा द्यायला लावला होता. क्षणभर त्याच्या मनात आलं, की चारही संगणक परत जुन्यावर न्यावेत आणि मग रीतसर, क्रमाने, नोंदी ठेवून पुढे आणावेत. परत जाण्याची कृती बाविसाव्या पानावर होती. दर संगणकाला अकरा तास.

"चार झालेत," दाजी अचानक म्हणाले. भांडणात त्यांनी मोजणी सोडली नव्हती. "ठरावात पाच म्हटलंय. पाचवा कुठला?"

सगळ्यांनी केबिनकडे पाहिलं. रबरबँडवाला संगणक तिथे होता.

तीन वाजले होते. बॅकअप न घेता सुरुवात करणं दादाला मरण आलं असतं तरी जमलं नसतं, त्यामुळे सव्वापाचपर्यंत सगळे केबिनमध्ये उभं राहून एक निळी पट्टी हळूहळू भरताना बघत राहिले. जागा कमी होती. बारक्या फायलींच्या कपाटाला चिकटला होता, मास्तर दाराच्या चौकटीत. आक्काने एकुलती जादा खुर्ची घेतली होती. दाजी मनगटावरचं घड्याळ बघत नव्हते. त्यांनी ते काढून टेबलावर उघडं ठेवलं होतं.

सव्वापाचला दादाने ते बटण दाबलं. ते त्याने चौदा महिने दाबलेलं नव्हतं. पासवर्ड टाइप करताना त्याने ओठ घट्ट मिटले, आणि तो तीनदा चुकला.

"पुढचं कॅपिटल," आक्का म्हणाली.

फाइली उतरू लागल्या. पंधरा टक्के, तीस, पंचावन्न. पाच अडतीसला सगळं थांबलं आणि पडद्यावर प्रश्न आला. ही फाइल तुम्ही स्वतः बदललेली आहे. तुमची ठेवायची, की नवीन घ्यायची?

दादा बघत राहिला. फाइलीचं नाव त्याने ओळखलं नाही.

"तुमचीच फाइल आहे ना?" दाजींनी विचारलं.

"हो."

"काय बदललं होतंत?"

"आठवत नाही."

"आराखड्यात असेल की," बारक्या म्हणाला, आणि दादाच्या हातातली पानं ओढून घेऊन उलटू लागला. "हां, सापडलं. पान एकतीस. 'अपग्रेडदरम्यान फाइल बदलण्याविषयी सूचना आल्यास कोणीही परस्पर निर्णय घेऊ नये.'" तो थांबला.

"पुढे?"

"'दादांना विचारावं.'"

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर दादाला बरं वाटलं असतं.

"विचारा मग," दाजी म्हणाले. "पाच बेचाळीस."

दादाने डोळे मिटले. केव्हातरी, नऊ-दहा वर्षांपूर्वी, तो याच खुर्चीत बसून या फाइलीत शिरला होता, काहीतरी खुडलं होतं, काहीतरी लावलं होतं, आणि त्यानंतर कोणाचं तरी काहीतरी नीट चालू लागलं होतं. कोणाचं, काय, काही केल्या आठवेना. मागे वळून विचारावं तर मागे हे चौघे. ज्या कामामुळे तो केबिनमध्ये बसला होता त्यातलं एक काम समोर उघडं पडलं होतं, आणि त्याला ते ओळखता येत नव्हतं.

"तुमची ठेवा, दादासाहेब," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं चाललीय."

"ठेवली तर अडकेल," बारक्या म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय," मास्तर म्हणाले.

पाच पंचेचाळीस. दादाने 'नवीन घ्या' दाबलं.

पट्टी पुढे सरकली. पाच एक्कावन्नला संगणक बंद झाला आणि परत सुरू व्हायला लागला. पडदा काळा पडला, आणि काळाच राहिला. त्या काळ्या काचेत पाचही जणांचे चेहरे दिसत होते आणि चार चेहऱ्यांवर सारखीच आशा होती. मग एक निळसर प्रकाश आला, खाली चिन्हांची ओळ उगवली, आणि दादाने व्हर्जनची खिडकी उघडून बाजूला सरकून दाखवली.

दाजींनी चष्मा लावून आकडा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटावर चढवलं. पाच चौपन्न झाले होते.

"हवा नाही मागच्या खोलीत," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले आणि निघून गेले. बारक्या त्यांच्या मागोमाग गेला. मास्तर दारात रेंगाळले, आराखड्याचं पहिलं पान त्यांनी जरा लांब धरून पाहिलं. "चौकटीची डावी रेघ जाड आहे," ते म्हणाले. "बाकी ठीक." तेही गेले.

आक्का उठली नाही.

दादा खुर्चीत टेकला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्याची पाठ खुर्चीच्या पाठीला पूर्ण लागली. "केबिन राहिली," तो म्हणाला.

"राहणारच होती."

"म्हणजे?"

"ती बाहेरची कंपनी. ह्यांनी मला त्यांना पत्र पाठवायला सांगितलं होतं ना, मी पाठवलं. तीन आठवड्यांपूर्वी उत्तर आलं." आक्काने पर्स खांद्याला लावली. "वीसपेक्षा कमी संगणक असले तर ते लोक काम घेत नाहीत."

दादाने पडद्यावरची व्हर्जनची खिडकी बंद केली. मग विचारलं, "दाजींना माहीत आहे?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू कामात होतास," आक्का म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

ऑफिसात संगणक पाच होते.